अठरा सत्ते एकशे सव्वीस

मराठी माणूस आपला पगार सख्ख्या भावाला सांगत नाही. फ्लॅट केवढ्याला पडला असं विचारलं, तर तो विषय पार्किंगवर नेतो. पण उपाशीपोटीची साखर मात्र तो बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला न विचारता सांगून टाकतो. ‘काल फास्टिंग एकशे बारा आली.’ यावर त्या माणसाने ‘मला का सांगताय?’ असं म्हणायला हवं. तो म्हणतो, ‘आणि पीपी?’ मग पासबुक भरून होईपर्यंत दोन्ही घराण्यांच्या तीन पिढ्यांची साखर निघते. कोणाच्या आत्याच्या पायाचं बोट काढावं लागलं, कोणाचे सासरे रोज पावशेर जिलबी खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते, कारल्याचा रस कोणाला लागू पडला, सगळं होतं. एकमेकांचं आडनाव तेवढं विचारायचं राहून जातं. मराठी माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.

या जिव्हाळ्याला आकडेवारीचा आधार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात मधुमेह असलेली माणसं सुमारे १० कोटी १० लाख, आणि अजून झाला नाही पण दारात येऊन उभा आहे अशी सुमारे १३ कोटी ६० लाख. तेव्हा रांगेतल्या अनोळखी माणसाशी काय बोलावं असा प्रश्न पडलाच, तर हवापाण्यापेक्षा साखर हा विषय जास्त खात्रीचा.

माझी तक्रार वेगळी आहे. हा सगळा संवाद नुसत्या आकड्यांत चालतो. एकशे बारा म्हणजे एकशे बारा काय, हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. रिपोर्टवर ते छापलेलं असतं, पण आकड्याच्या शेजारी, बारीक अक्षरात. आकडा दिसला की लोक चष्मा काढून ठेवतात. पुढचं वाचायला चष्मा लागतो.

तर ते बारीक अक्षरातलं असं आहे: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. हा डेसिलिटर आपल्याला चौथीत कोष्टक पाठ करताना भेटला होता. त्यानंतर त्याने तोंड दाखवलं नाही. दूध लिटरने येतं, खोकल्याचं औषध मिलिलिटरने. डेसिलिटरभर काहीतरी द्या असं महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुकानात आजवर कोणी म्हटलेलं नाही. पन्नाशी उलटल्यावर तो एकदम रक्तातच सापडतो. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. तेवढ्या रक्तद्रवात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे, तो हा आकडा. जुने डॉक्टर ‘मिलिग्रॅम परसेंट’ म्हणतात, काही लॅबही तसंच छापतात. दोन्हीचा अर्थ एकच.

हे एकक एकदा समजून घेतलं की एक मजेदार हिशेब करता येतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, म्हणजे ५० डेसिलिटर. दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली, तर साऱ्या रक्तात मिळून साखर झाली ५ ग्रॅम. एक चहाचा चमचा! ज्या साखरेवरून घरात अबोला धरला जातो, गोकुळाष्टमीचा गोपाळकाला रद्द होतो, सुना सासऱ्यांच्या खिशात गोळीचे कागद शोधतात, ती सगळी मिळून चमचाभर. १२६ ला मधुमेह म्हणतात, तेव्हा ती होते सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निरोगी माणूस आणि मधुमेही यांच्यात चिमूटभर साखरेचं अंतर. अमृततुल्यातल्या एका गोड चहात आपल्या साऱ्या रक्तातल्यापेक्षा जास्त साखर असू शकते. तो चहा पिऊनही निरोगी माणसाचं शरीर ही मात्रा तासा-दोन तासांत जागेवर आणतं. इतका काटेकोर हिशेब सोसायटीच्या खजिनदारालाही जमत नाही.

पूर्वी आकडाच नव्हता, त्यामुळे त्याच्या एककाचा प्रश्नही नव्हता. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहिलं आणि रोगाला मधुमेह म्हटलं. मुंग्यांनी कधी मिलिग्रॅम की मिलिमोल असं विचारलं नाही, त्या सरळ कामाला लागल्या. पुढे १७७६ साली इंग्लंडमधल्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरांनी मधुमेह्याची लघवी आटवून तिच्यातून साखर काढून दाखवली. रक्तातही गोडी असते, हेही सांगितलं. आता साठीत असलेल्या अनेकांना आजोबांची न्हाणीघरातली प्रयोगशाळा आठवत असेल: स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी, बेनेडिक्टचं निळं द्रावण आणि मोजून आठ थेंब. उकळल्यावर रंग निळाच राहिला तर आजोबा खूश. हिरवा झाला तर आजी खूश नाही. पिवळा, नारिंगी करत विटकरी झाला, तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. रंग कळायला मराठी मीडियम लागत नव्हतं की इंग्रजी. खोट एवढीच, की रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे मुंग्या काय आणि विटकरी रंग काय, दोघेही बातमी आणायचे ती शिळी.

आता बातमी ताजी मिळते. पण त्यासाठी उपाशी राहावं लागतं, आणि उपाशी राहणं हा महाराष्ट्रात वादाचा विषय आहे. तपासणीचा नियम सोपा: किमान आठ तास पोटात काही जायला नको, पाणी चालतं. यातला प्रत्येक शब्द आपण आपापल्या सोयीने घेतो. लॅबमधली मुलगी विचारते, ‘काका, उपाशी आहात ना?’ काका म्हणतात, ‘म्हणजे काय! आज संकष्टी. सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी आणि वाटीभर दही, बाकी काही नाही.’ दुसरे गृहस्थ चहा पिऊन आलेले असतात, आणि चहाला खाण्यात धरतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळतं. तिसऱ्या काकू इतक्या कडक की त्यांनी रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतलेला नसतो. त्यांची शीर सापडत नाही, मुलगी दोन्ही हात चापटून बघते, आणि काकू म्हणतात, ‘निर्जळी केली की मला असंच होतं.’ चौथे गृहस्थ आदल्या दिवशी अचानक ऋषितुल्य झालेले. दोन वेळा फिरायला गेले, रात्री फक्त मुगाचं वरण घेतलं, आणि रिपोर्टमध्ये आदल्या दिवसाचं पुण्य उमटेल या आशेने खुर्चीत बसले. ते थोडंफार उमटतंही. पण शेजारच्या रकान्यात एचबीएवनसी नावाची तपासणी असते. ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर बघते, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांतली लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं तिला ठाऊक असतात.

रक्त देऊन झालं की जेवणानंतरची तपासणी. लॅबच्या समोर इडली-उपम्याचं हॉटेल असतंच. तिथे सकाळी नऊ वाजता दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेली माणसं शेजारी शेजारी बसून घड्याळाकडे बघत खात असतात. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. आपण मोजतो ते बिल दिल्यापासून, किंवा बडीशेप खाल्ल्यापासून. शिवाय जेवायचं ते नेहमीसारखं जेवायचं असतं. तपासणीपुरती अर्धी इडली खाऊन साखर लॅबपासून लपवता येते, शरीरापासून लपत नाही.

आता समजा सगळं नीट पाळलं. रात्री आठला भाकरी आणि पालेभाजी, त्यानंतर पाणी, वेळेवर झोप. सकाळी आकडा १४८. घरात चौकशी समिती बसते. फ्रिजमधले बेसनाचे लाडू मोजले जातात. ‘मी काही खाल्लं नाही’ यावर पस्तीस वर्षांच्या संसारात कोणी विश्वास ठेवलेला नसतो, आज का ठेवावा? पण काका अनेकदा खरंच निर्दोष असतात. चोर घरातलाच, पण फ्रिजकडे न फिरकलेला. त्याचं नाव यकृत. पहाटे शरीर जागं व्हायची तयारी करतं, तेव्हा कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक यांसारखी मंडळी यकृताला हाक मारतात आणि ते आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन लगेच आवरतं. मधुमेहात ते पुरं पडत नाही, आणि न खाल्लेल्या लाडवाचा ठपका येतो. याला डॉक्टर ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात. यातला डॉन पहाटेचा. तो बघून काकूंनी घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना सांगायचं कारण आहे.

रक्त नळीत गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. रक्तपेशी नळीत गेल्या तरी खाणं सोडत नाहीत. नुसत्या नळीत रक्त ठेवलं, तर त्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, ते पेशींचा हा फराळ आटोक्यात आणतं. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा पुढची सात घरं करून, वाटेत वडापाव खाऊन लॅबमध्ये पोहोचणार असेल, तर टोपणाचा रंग बघून ठेवायला हरकत नाही.

आणि घरातलं यंत्र? ग्लुकोमीटर आल्यापासून साखर मोजणं हा घरगुती खेळ झाला आहे. पट्टीवर एक विकर असतं, रक्तातल्या ग्लुकोजवर त्याची क्रिया होते, बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि यंत्र त्याचा आकडा करून दाखवतं. पहिल्या बोटाला १३१ आला तर काकांना ते बोट पसंत पडत नाही. दुसऱ्या बोटाला १२४ येतो, तो वहीत लिहिला जातो. ‘पहिल्या वेळी थेंब नीट आला नव्हता.’ थेंब नीट आला नव्हता हे फक्त आकडा जास्त आला तरच लक्षात येतं. खरं म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या यंत्रांसाठी २०१३ चा आंतरराष्ट्रीय निकष असा आहे, की १०० आणि त्यापुढच्या साखरेला १०० पैकी ९५ वेळा उत्तर खऱ्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे यावं. म्हणजे खरी साखर १२० असेल, तर यंत्राने १०२ दाखवलं तरी ते पास आणि १३८ दाखवलं तरी पास. या दोन टोकांच्या मधल्या सातआठ आकड्यांवरून घराघरांत जे समरप्रसंग होतात, त्यांची यंत्राला कल्पना नसते. त्यातून एप्रिल-मे महिन्यांत हापूस चिरून झाल्यावर हात नुसते लुंगीला पुसून बोट टोचलं, तर यंत्र रत्नागिरीची साखर मोजतं. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.

इथपर्यंतचा गोंधळ देशांतर्गत होता. खरी मौज पासपोर्टनंतर सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेल्या. इथे त्यांची उपाशीपोटीची साखर १३० च्या आसपास असायची. तिथे चाळिशीही न गाठलेला जावई स्वतःच काठावर असल्यामुळे घरात यंत्र होतं. काकूंनी बोट टोचलं. आकडा आला ७.२. काकूंनी पुन्हा टोचलं, तेच. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: ‘इकडची हवाच वेगळी. एकशे तीसवरून सातवर!’ त्याखाली नमस्काराचे बावीस हात. इंग्लंडच्या पाण्याबद्दल, भेसळ नसलेल्या दुधाबद्दल आणि आपल्या देशाचं काही खरं नाही याबद्दल चर्चा झाली. काकूंनी त्या रविवारी श्रीखंड केलं आणि स्वतःही घेतलं.

पुढच्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. इथून निघताना काकूंचं एचबीएवनसी होतं ७. तिथल्या कागदावर आलं ५३. श्रीखंडाचं पातेलं त्याच संध्याकाळी रिकामं झालं, अर्थात जावयाकडून नव्हे. एक साखर सातवर उतरलेली, दुसरी सातावरून त्रेपन्नवर चढलेली. काकूंच्या अंगात या काळात काय बदल झाला होता? काहीही नाही. १३० आणि ७.२ ही एकच साखर, ७ आणि ५३ हेही एकच मोजमाप. बदललं होतं ते बारीक अक्षर.

त्याच काकू धाकट्या लेकीकडे न्यू जर्सीला गेल्या असत्या, तर तिथे यंत्राने १३० च दाखवले असते, आणि ‘अमेरिकेचं पाणी मानवलं नाही’ असा संदेश ग्रुपवर पडला असता. कारण साखरेच्या बाबतीत भारत आणि अमेरिका एका बाजूला, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया दुसऱ्या बाजूला. जर्मनीत दोन्ही चालतात. यातला विनोद असा, की जो अमेरिकन माणूस पेट्रोल गॅलनने, वजन पौंडाने आणि ताप फॅरेनहाइटने मोजतो, मेट्रिक म्हटलं की ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तो साखर मात्र मुकाट्याने मिलिग्रॅम आणि डेसिलिटरमध्ये सांगतो. आणि जो इंग्रज स्वतःचं वजन अजून ‘स्टोन’मध्ये मोजतो आणि बिअर पाइंटने पितो, तो साखरेला आला की एकदम शास्त्रशुद्ध होऊन मिलिमोल प्रति लिटर बोलू लागतो.

हे मिलिमोल काय प्रकरण आहे? आपण द्राक्षं किलोवर घेतो आणि केळी डझनावर. एकात वजन बघतो, दुसऱ्यात नग मोजतो. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साखर किलोवर, मिलिमोल प्रति लिटर म्हणजे साखर डझनावर. रसायनशास्त्राचा डझन फार मोठा असतो, एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं इतके रेणू. शरीरातल्या क्रिया रेणूंच्या नगावर चालतात, म्हणून शास्त्रज्ञांना नग मोजणं अधिक सयुक्तिक वाटतं. १९७७ साली जागतिक आरोग्य सभेने वैद्यकात सर्वत्र आंतरराष्ट्रीय एककं वापरावीत अशी शिफारसही केली. काही देशांनी ती ऐकली. काहींनी आपण महापालिकेचं पत्रक ऐकतो तशी ऐकली.

एकातून दुसऱ्यात जायचा रस्ता मात्र सरळ आहे, आणि तो मराठी शाळेतून जातो. ग्लुकोजचा एक मोल भरतो १८० ग्रॅम, म्हणून मिलिमोल १८० मिलिग्रॅम. लिटरमध्ये १८०, तर त्याच्या दहाव्या भागात, म्हणजे डेसिलिटरमध्ये, १८. झालं. परदेशी आकड्याला अठराने गुणा, देशी आकडा मिळतो. देशी आकड्याला अठराने भागा, परदेशी मिळतो. ज्या पिढीला अठराचा पाढा झोपेतून उठवलं तरी येतो, बरोबर तीच पिढी आज या आकड्यांच्या वयात आहे. अठरा चोक बाहत्तर: लंडनला ४ दिसले तर साखर खालच्या काठाजवळ आली. ३.९ च्या, म्हणजे ७० च्या खाली गेली, तर गोड खायला हवं, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर लगेच. अठरा पंचे नव्वद: छान. अठरा सत्ते एकशे सव्वीस: इथे मधुमेहाची हद्द सुरू. अठरा दाहे एकशे ऐंशी: इथून पुढे आजोबांची नळी रंग बदलायची. जावई मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत सासरेबुवांचं उत्तर तयार असतं. त्यांनी फक्त पाढा कुठे लावायचा ते ध्यानात ठेवायला हवं. कोलेस्टेरॉलला तो चालत नाही. त्याचा रेणू ग्लुकोजच्या दुपटीहून जड, तिथे ३८.७ ने गुणावं लागतं, आणि तो पाढा आपल्या शाळेतही नव्हता.

इथे हसू थोडं आवरायला हवं. परदेशी यंत्रावर १५ बघून ‘पंधराच तर आहे’ म्हणणारा माणूस २७० घेऊन बसलेला असतो. पूर्वी काही यंत्रांत एकक बदलायची सोय असे आणि घड्याळ लावता लावता ते चुकून बदललं जाई. म्हणून आता बहुतेक यंत्रांत ते कारखान्यातच पक्कं करून देतात. मुलाने परदेशातून प्रेमाने पाठवलेलं यंत्र आधी कोणती भाषा बोलतं ते बघावं, मग बोट पुढे करावं.

बरं, एकक समजलं, पाढा आला, तरी रेषा जागेवर राहील याची खात्री नसते. उपाशीपोटी १४० पर्यंत मधुमेह नाही, असं एके काळी डॉक्टर सांगत. १९९७ साली अमेरिकन मधुमेह संघटनेच्या तज्ज्ञांनी ती रेषा १२६ वर आणली. जो माणूस १३० घेऊन निरोगी म्हणून झोपला होता, तो १३० घेऊनच मधुमेही म्हणून उठला. रात्रीत त्याने काही खाल्लं नव्हतं. १२६ हा आकडा घासाघीस करून ठरवल्यासारखा वाटतो, पण पलीकडच्या एककात बघा, सरळ ७. उलट ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायच्या तपासणीचे आपल्याकडचे सरळ २०० तिकडे ११.१ होतात. एकाचा गोल आकडा दुसऱ्याला ओबडधोबड दिसणारच. पुढे २००३ साली अमेरिकन संघटनेने काठावरची खालची रेषाही ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ११० च ठेवली. त्यामुळे १०५ वाला माणूस जिनिव्हाच्या हिशेबाने ठीक, अमेरिकेच्या हिशेबाने काठावर, आणि आपल्याकडे लॅबने कोणाचा तक्ता छापलाय त्यावर. रिपोर्टवर ठळक अक्षरात आलेला आकडा पाहून रात्रभर जागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय काही लक्षणं नसतील, तर एका दिवसाच्या एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

‘आमच्यात कोणी जाड नाही, आम्हाला कसला मधुमेह?’ असं म्हणणाऱ्या सडपातळ काकांसाठी पुण्याची एक हकीकत सांगायला हवी. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघेही सारखेच शिडशिडीत, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. लंडनच्या काकूंची साखर एक आणि आकडे दोन होते. इथे आकडा एक आणि शरीरं दोन. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगात चरबी लपून बसते आणि मधुमेह पाश्चात्त्यांच्या मानाने कमी वजनावर, लवकर गाठतो, हे याज्ञिकांच्या पुण्यातल्या संशोधनातून जगापुढे आलं. तेव्हा पँटचा पट्टा सैल आहे, म्हणून तपासणी टाळू नका.

साखरेचा आकडा एकटा कधीच खरं बोलत नाही. त्याला एकक लागतं, वेळ लागते, आणि तो कोणत्या यंत्राने, कोणत्या हाताने, कोणत्या जेवणानंतर काढला हे लागतं. ते नसेल तर ती अफवा, आणि अफवेवर श्रीखंडही करू नये आणि श्रीखंड बंदही करू नये. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ‘माझी शुगर सात’ असं सांगितलं, तर अभिनंदन किंवा सांत्वन करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: ‘कशात?’ आणि ‘कधीची?’ उत्तर आलं, तर अठराचा पाढा लावा. नाही आलं, तर त्यांना रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे पाठवा. आणि तुमचा स्वतःचा रिपोर्ट कपाटात असेल, तर चष्मा लावून आकड्याच्या शेजारचं बारीक अक्षर आजच वाचून घ्या.